कुबडे आणि इतर

लग्नपत्रिकेत आधी थोरामोठ्यांची नावं, मग बाकीच्यांची, हे सुरभी वैरागडेच्या हाडीमाशी भिनलेलं. आर्वीची मुलगी, वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दहा वर्षांपूर्वी, एम.टेक. करताना, मोबाइलच्या फोटोवरून कापसाची प्रत सांगणारा प्रोग्राम तिनं बनवला. त्यावर आयुष्यातला पहिला आणि एकुलता एक शोधनिबंध लिहिला आणि लेखकांत पहिलं नाव टाकलं सिंदीच्या अनुसयाबाई कुबड्यांचं. वयानं मोठ्या ना! मुख्य काम ज्याचं त्याचं नाव आधी टाकतात, हे या शहाणीला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

अनुसयाबाई सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं डागी कापूस वेगळा काढायच्या. दोन हंगाम त्यांनी चिमूट चिमूट कापूस ओढून पाहिला, प्रत सांगितली. अशा सहा हजार चिमटींचे सहा हजार फोटो. प्रोग्राम शिकला तो त्यांच्या बोटांकडून.

निबंध चांगलाच चालला. दोनशे बारा संशोधकांनी त्याचा दाखला दिला, चीनपासून ब्राझीलपर्यंत, आणि प्रत्येकानं लिहिलं, 'कुबडे आणि इतर'. त्या 'इतर'मध्ये सुरभी. तिला वर्षानुवर्षं याचं हसूच यायचं.

हसू थांबलं ते बढतीच्या फॉर्मपाशी. जागा एकच, आणि दाखले मोजणार फक्त पहिल्या लेखकाचे. माणसाच्या कामाची अशी मापं काढणाऱ्यांना काय म्हणावं! समितीतल्या एकानं वाट दाखवली. "त्या बाईंकडून लिहून आणा, की नाव नुसतं मानानं टाकलं, काम काही केलं नाही. दोनशे बारा तुमचे."

रविवारी सुरभी कागद टाइप करून सिंदीला गेली.

"मावशी, तुमची सही पाहिजे. माझ्या बढतीसाठी."

"दे ना. काय लिहिलं हाय त्याच्यात?"

सुरभीनं वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं घाईघाईनं उरकली. 

"नाव काढ, खुशाल काढ," अनुसयाबाई म्हणाल्या. "मले त्या नावाचं काय लोणचं घालायचं हाय? पन काम नाई केलं, असं काऊन लिहिलं वं? दोन हंगाम तू माह्यापाशीच तं बसत होती."

सुरभीला मान वर करवेना. 

"बरं, जाऊ दे," अनुसयाबाईंनी हात पुढे केला. "तुहं नुकसान होत असन तं आन इकडं. कुठी करू सही?"

त्यांनी पेन टेकवलाही होता. सुरभीनं कागद ओढून घेतला, घडी घालून पर्समध्ये टाकला.

"राहू द्या मावशी. दुसरा कागद चालतो."

"नक्की ना? होईन ना तुहं काम?"

"होईल."

सोमवारी तिनं फॉर्मवर पहिल्या लेखकाच्या दाखल्यांच्या रकान्यात शून्य भरलं. जागा तिच्याच विभागातल्या प्रफुल्लला मिळाली, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकट्या. अनुसयाबाईंनी फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "झालं मावशी."