भाऊंचा आवाज आणि परसातले पेरू

परसातल्या पेरूची आठवण म्हणलं की तुम्हाला वाटणार, आता हा कुंपणावरून उडी मारणार, मालक काठी घेऊन मागं लागणार आणि याची चड्डी काट्यात अडकणार. बसा निवांत. झाड आमचंच आहे, कुंपणही आमचंच आहे. चोर आहेत गोष्टीत, पण ते हिरवे, लाल चोचीचे, आणि कुंपणाशी त्यांचं काही काम नसतं. दुसरं, मी नकला करतो हे ज्यांना माहीत आहे ते हसायच्या तयारीनं बसले असतील. हसा की. पण त्या थंडीत आमच्या घरी हसायलाच बंदी होती, हे आधी सांगून ठेवतो.

बंदी भाऊंना होती. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं कान्हे गाव त्यांना भाऊ म्हणतं, म्हणून मीपण भाऊच म्हणतो. ते कामशेतच्या नाक्यावरून पवनानगरला टमटम चालवतात. टमटम चालते डिझेलवर, पण भरते भाऊंच्या आवाजावर. ‘पवनानगर पवनानगर पवनानगरेऽऽ’ सुरू झालं की मेथीचा भाव करणारी बाई मेथी तिथंच टाकून पळत येते. गाडीत बसणाऱ्या एकेका माणसाला भाऊ ‘शीट’ म्हणतात. इतकी वर्षं असं ओरडून त्यांच्या घशात गाठ आली. तळेगावच्या डॉक्टरांनी ती काढली आणि सांगितलं, आता एकदम गप्प. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, मोठ्यानं हसायचंपण नाही. आतली जखम भरायच्या आधी जोर लावला तर आवाज कायमचा बसेल. आवाज बसला तर गाडी कशी भरणार, हे डॉक्टर बोलले नाहीत. ते आई वाटभर मनात बोलत असणार, कारण तळेगावपासून घरापर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

भाऊ गप्प बसले असते. पण नेमके परसात पेरू पिकायला लागले.

आमचा पेरू आतून लाल. त्या झाडावर भाऊंचा इतका जीव की पाव्हणा आला तर आधी झाड दाखवतात, मग चहा. जाळी मात्र टाकू देत नाहीत. एकदा जाळीत बुलबुलाचा पाय अडकला होता. भाऊंनी एकेक दोरा कापून तो सोडवला. पाखरू उडालं आणि ती जाळी त्यांनी चुलीत घातली. तेव्हापासून आई जुन्या साड्यांच्या आणि माझ्या शाळेच्या शर्टांच्या पिशव्या शिवते आणि एकेका पेरूला बांधते. पोपट त्या पिशव्या कुरतडतात. मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असतो, तिथून चमकणारे कागद आणून फांद्यांना लटकवले. पोपट त्यात तोंड बघायला लागले.

खरा इलाज एकच होता. सकाळी उजाडताना भाऊ मागच्या दारात उभे राहायचे आणि नाक्यावरच्याच आवाजात म्हणायचे, ‘उतराऽऽ, उतराऽऽ, शेवटचा स्टॉप.’ सगळा थवा एकदम उठायचा आणि रेल्वेच्या रुळांच्या पलीकडं जायचा.

आता तो इलाज बंद. भाऊंनी ताट वाजवून पाहिलं. पहिल्यांदा पोपट उडाले. मग नुसतेच पलीकडच्या फांदीवर सरकायला लागले. मग तर भाऊ ताट वाजवतायत आणि पोपट मान हलवत खातायत, जसं काय त्यांच्या लग्नाची वरात निघालीय. आई म्हणाली, “जाऊ द्या ना. खाऊ द्या. पुढच्या साली खाऊ आपण.” भाऊंनी मान डोलावली. पण उजाडलं की पाय मागच्या दाराकडंच.

एका सकाळी एका पोपटानं पिशवी फाडली आणि आतला पिवळा झालेला, चांगला मुठीएवढा पेरू फोडला. एक घास खाल्ला, बाकीचा खाली टाकला आणि दुसऱ्या पेरूकडं वळला. भाऊंना खाल्ल्याचं वाईट वाटत नाही, टाकल्याचं वाटतं. मी शेजारीच दात घासत होतो. भाऊंची छाती भरली. तोंड उघडलं. आईच्या हातात पिठाचं भांडं होतं, ते तिनं तसंच सोडलं आणि पिठाच्या हातानं त्यांचं तोंड दाबलं. नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही. भाऊंचे डोळे लाल झालते आणि मिशीभर पीठ.

मला काय करावं सुचेना. तोंडात फेस होता तो थुंकला आणि भाऊंच्या आवाजात ओरडलो, “उतराऽऽ, उतराऽऽ, शेवटचा स्टॉप.”

थवा उडाला. एक पोपट मागं राहिला नाही.

मी आजवर पुष्कळांच्या नकला केल्यात. हेडमास्तर केले, सरपंच केले, चिक्की घेताना अर्धा किलो नुसती चाखून जाणारे पाव्हणे केले. भाऊंची नक्कल त्यांच्यासमोर कधी केली नव्हती. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी त्यांचा शर्ट घालून त्यांच्याच समोर उभा राहिलोय. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बोटानं झाड दाखवलं. म्हणजे उद्यापासून हे काम तुझं.

मग लोणावळ्याची लोकल पकडायच्या आधी रोज माझी ड्युटी. झाडाच्या बेचक्यात बसायचं आणि थवा दिसला की भाऊ व्हायचं. भाऊ खाली खुर्ची टाकून गप्प बसायचे, मफलर गुंडाळून.

आता शेजारच्या चाचीला हे काय माहीत. तिला आमच्या परसातून भाऊंचा आवाज ऐकू आला आणि ती तशीच कुंपणाशी आली.

“भाऊ, आवो काय चाललंय तुमचं? घशात जखम हाय आन नाक्यावानी बोंबलताय? बायकोचा तरी इचार करा. ती दिवसभर पानी गरम करती तुमच्यासाठी, आन तुमी पोपटासंगं भांडताय.”

भाऊंनी हात जोडले. मग वर बोट केलं. चाचीला वाटलं ते देवावर ढकलतायत.

“देव काय करंल? तोंड तुमचं हाय ना?”

मी वरून भाऊंच्या आवाजात म्हणलं, “चाची, च्या घ्या की.”

चाचीनं भाऊंच्या मिटलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि कुंपण धरलं. “ह्याला आदी खाली उतरव गं,” ती आईला म्हणाली, “माजं डोकं फिरलं.”

भाऊंचे खांदे हलायला लागले. आईनं लगेच बोट ओठावर ठेवलं. हसायचं नाही.

आई मात्र त्या आवाजाला फसत नव्हती. एकदा ती भाकरी थापत होती, भाऊ तिच्या पाठीमागं उंबऱ्यात बसले होते. मी आतल्या खोलीतून भाऊंच्या आवाजात म्हणलं, “अगं, जेवाया वाढ, लय भूक लागली.”

आई हसली. म्हणाली, “आवाज तेंचाच हाय रं. पन ते असं कवा म्हनत न्हाईत.”

“मग कसं म्हणतात?”

“काय म्हनतच न्हाईत. हितं येऊन बसत्यात. मग ‘अगं’ म्हनत्यात, हळूच. मग गपच. मग मीच इचारते, भूक लागली व्हय.” तिनं भाकरी उलटली. “ते ‘अगं’ न्हाई यायचं तुला.”

मी करून पाहिलं. खरंच आलं नाही. नाक्यावरचे भाऊ मला पाठ होते, चुलीजवळचे नव्हते. उंबऱ्यात बसलेले भाऊ दाराची कडी उगाच वरखाली करत राहिले. आईनं न विचारता त्यांना ताट वाढलं.

शेवटी डॉक्टरांकडं तपासणीला गेलो. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं, भाऊंना आत घेतलं आणि नंतर सांगितलं की जखम भरलीय, आता थोडं थोडं, हळू आवाजात बोलायला लागा. नाक्यावर कधी ओरडता येईल ते पुढं बघू. आईनं डॉक्टरांना नमस्कार केला.

आणि भाऊ बोललेच नाहीत. परतताना रिक्षात नाही, घरी नाही. आई म्हणाली, “आता बोला की.” त्यांनी हात हलवला, नंतर. संध्याकाळी मी पिशव्या बघायला परसात गेलो तर भाऊ पेरूकडं तोंड करून उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी मागच्या मागं फिरलो. आईला एवढंच म्हणलं, तोंडातून कसला आवाज निघंल त्याची त्यांना भीती वाटतीय.

“मग तू हसव तेंना,” आई म्हणाली. “तुला दुसरं येतंय काय?”

सकाळी मी झाडावर चढलो. भाऊ खुर्चीत, आई पायरीवर चहा घेऊन. थवा आला. मी नेहमीसारखं हाकललं नाही. भाऊंच्या आवाजात गाडी भरायला घेतली.

“पवनानगर पवनानगरेऽऽ. या शेठ, पुढं बसा. शेपटी आत घ्या, दार लागत न्हाई. चौगं पुढं बसा, सरका जरा. ओ हिरवी साडी, पोरगं मांडीवर घ्या, त्येचं तिकीट न्हाई. ए फुकट्या, खाली काय टाकतोस? तुज्या बापाची गाडी हाय का रं?”

खालून आवाज आला. थंडीत टमटमला किक मारल्यावर ती पहिल्यांदा घरघरते, तसा. मी वाकून पाहिलं. भाऊ हसत होते. आवाज करून हसत होते. आईनं चहाचा कप पायरीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. थवा कधी उडाला ते कोणी पाहिलं नाही.

मग हसणं थांबलं आणि भाऊ बोलले. खाली, खरबरीत, गोधडीच्या आतून बोलल्यासारखं. पण बोलले.

“दात काय काढतोस? चौगं पुढं बसवत्यात व्हय रं? पोलीस धरंल तवा दंड तू भरनार का?”

“हळू बोला,” आई म्हणाली.

भाऊंनी आवाज अजून खाली घेतला, पण थांबले नाहीत. “आन शीटाचा बाप काढतोस? एवढी वर्सं गाडी चालवली, कवा कुना शीटाचा बाप काढला न्हाई मी. पोपट असला म्हनून काय झालं? माज्या आवाजात असलं परत बोललास तर बघ. शिवी द्यायची तर तुज्या आवाजात दे. आन उतर आता खाली, ती फांदी मोडंल.”