चष्मेवालीनं उतरवलेलं विमान

लेकीला वैमानिक न झाल्याचं अजून सलत असेल का, ही धास्ती मनातून जात नाही. वैमानिकाचं शिक्षण चालू असतानाच वैद्यकीय तपासणीत डोळे नापास झाले आणि हवाई दलातलं तिचं उडणं सुटलं. तिनं जिद्दीनं रडार नियंत्रणाचं प्रशिक्षण घेतलं. आम्ही मात्र घरात विमानाचं नावही काढेनासे झालो.

आज तिच्या जुन्या तुकडीतल्या वैमानिकाचा फोन आला. "काकू, दाट धुक्यात मला धावपट्टी दिसेना. तुमची चष्मेवाली रडारवर बघून सांगत गेली, तसा सुखरूप उतरलो. वर मलाच दम, 'शहाणपणा नको, मी सांगते तेवढं कर!'"

अगदी घरातल्यासारखीच! पण हे तिनं मला कसं सांगावं? विषय आम्हीच बंद केला होता. आता फोन लावते आणि म्हणते, "बाई, विमान कसं उतरवलंस, पहिल्यापासून सांग."