तोडकर केमिस्टची वाळू

तोडकर केमिस्ट कुणाच्याही घरी गेला की आधी नळात बोट घालायचा. राम राम नाही, बसणं नाही. बोट नळाच्या तोंडात आतून फिरवायचं, अंगठ्यावर चोळायचं आणि वास घ्यायचा. बुळबुळीत लागलं की तोंड वाकडं. लेकीच्या सोयरिकीला पाहुण्यांकडे गेला, तिथंही हेच केलं. सोयरीक मोडली नाही, पण व्याही पुढे त्याच्याशी कधी धड बोलला नाही.

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या पाण्याच्या फिल्टर हाऊसवर मी झाडलोट करायची. शिक्षण चौथीपर्यंत. तोडकर तिथला केमिस्ट, धारूरकडचा. उंच, पाठीत वाकलेला, सकाळीच दमलेला दिसायचा. देवमाणूस वगैरे काही नव्हता. खेकसायचा. कुणी चहा दिला तर चहाला नावं ठेवत प्यायचा.

कारखान्याच्या वसाहतीला आणि ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांना नदीच्या बंधाऱ्याचं पाणी जायचं. दुष्काळात बंधाऱ्यात डबकं उरलं. पाला, शेण, बाभळीच्या शेंगा कुजून पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. तुरटी फिरवली तरी रंग पुरता जाईना. म्हणून चेअरमनसाहेबांनी ओझोनचं यंत्र आणलं. विजेवर हवेपासून वायू करायचा आणि तो पाण्यात सोडायचा. वीज कडाडल्यावर येतो तसा वास यायचा. नारळ फुटला, हारतुरे झाले आणि पाणी खरंच काचेसारखं आलं. तोडकर तेवढा कुरकुरत होता.

“आता काय बिघडलं साहेब? घाण तर गेली,” मी म्हटलं.

“कुठं गेली? रंग गेला. डोळ्याचं काय ऐकताव, सुमनबाई?” हे त्याचं नेहमीचं वाक्य. मग त्याने माझ्या डब्यातली भाकरी उचलली. “ही आख्खी भाकर मुंगीला नेता येती का?”

“न्हाई.”

त्याने भाकरी कुस्करून ओट्यावर टाकली. “आता येती. ओझोन हेच करतो. पाण्यात उतरलेल्या पाल्याचा चुरा करतो. चुरा दिसत न्हाई, पर जंतूला आयतं जेवण. तसाच पाइपात गेला की तिथं पंगत बसती.”

“मग वो?”

“मग पंगत हितंच उठवायची. वाळूत.”

कळलं मला सगळं. पण भाकरी माझी होती.

यंत्राच्या पुढे वाळूचा मोठा हौद होता. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली असायची. त्या सायीतले जंतू चुरा खाऊन टाकत. पुढे पाइपात खायला काही उरत नसे आणि थोड्या क्लोरीनवर भागत असे. नळात बुळबुळ दिसली की चिडणारा हा माणूस वाळूवरच्या बुळबुळीला दुधावरच्या सायीसारखा जपायचा. हे त्याने संचालकांना मीटिंगमध्ये सांगितलं, मला भाकरी नासून सांगितलं. हौदावरच्या गड्यांना मात्र नुसतं ओरडायचा, “हात लावू नका!” का, ते नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं धुऊन पुजतात. कारखान्यात तर बॉयलरपासून पान्यापर्यंत सगळं. त्या वर्षी तोडकर लेकीकडे गेला होता, मी नेकनूरला बहिणीकडे. फोरमन माणिकने गडी लावले, हौद रिकामा केला आणि वाळू ब्लिचिंग पावडरने धुऊन पांढरी शुभ्र केली. वर झेंडूचं तोरण आणि हळदकुंकू.

तोडकर परत आला, हौदाच्या काठावर बसला आणि चिमूटभर वाळू अंगठ्यावर चोळली.

“कसं चकाचक केलं साहेब!” माणिक म्हणाला. “लई घाण बसलती. देवाच्या दिवशी बरी दिसती का?”

“सगळे मारलेस बे तू,” तोडकर हळूच म्हणाला.

“कुणाला मारलं?” माणिक पार घाबरला.

साय पुन्हा धरायला महिना-दीड महिना लागणार होता. तोवर चुरा तसाच पाइपात जाणार. दिवाळीनंतर ऊसतोड्यांच्या टोळ्या येणार. त्यांच्या कोप्या पाइपाच्या अगदी शेवटी. तिथवर क्लोरीन संपणार, जंतू माजणार आणि तेच पाणी तान्ही पोरं पिणार. तोडकरने ठरवलं, साय धरेपर्यंत ओझोन बंद, म्हणजे चुराच होणार नाही, आणि वाळूच्या पुढे क्लोरीन जास्त.

चेअरमनसाहेब तणतणत आले. “लोकांला तांबडं पाणी पाजू? माझ्या नळाला तर काचेसारखं येतंय!”

“तुमचा नळ पहिला हाय, साहेब. पोरं शेवटच्या नळावर हायत. तांबड्या पाण्यात लई क्लोरीन मारणंबी चांगलं न्हाई. पर त्यानं महिनाभरात कुणी मरत न्हाई. हगवणीनं मरतंय.”

“वाळू धुतली कुणी?”

माणिकचा चेहरा उतरला. दुष्काळात नोकरी गेली तर हातात ऊसतोडीचा कोयताच.

“मी सांगितलं न्हाई म्हणून धुतली,” तोडकर म्हणाला. “ती साय कशाला लागती हे त्यांला कधी उलगडून सांगितलंच न्हाई. चूक माझी.”

यात त्याचा मोठेपणा नव्हता. खरंच होतं ते.

“मग तुमीच निघा,” साहेब म्हणाले.

“निघतो. साय धरंपर्यंत राहू द्या.”

राहू दिलं. तांबड्या पाण्याच्या शिव्या खायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वसाहतीतल्या बायका रोज दारात. एकीने त्याच्या उंबऱ्यावर कळशी पालथी केली. “चहा आमी घरी करताव, तोडकर! नळातून नको!” तो आत बसून राहिला. बाहेर आला तो बादली घेऊन, उंबरा धुवायला. टोळ्या आल्यावर रोज पायी शेवटच्या नळावर जायचा, पाणी तपासायचा आणि परत यायचा. तेवढ्यानेच थकायचा.

वाळू हळूहळू तपकिरी झाली. त्याने स्वतः यंत्र सुरू केलं, शेवटच्या नळापर्यंतचं पाणी तपासलं आणि पेटी बांधली. त्याच आठवड्यात नवा केमिस्ट आला. पाणी स्वच्छ केलं म्हणून वसाहतीने त्याला हार घातला.

धारूरची बस कोप्यांजवळ थांबायची. पेटी घेऊन मी सोबत गेले. शेवटच्या नळावर बायकांची गर्दी होती. त्या हंगामात कोप्यांमध्ये हगवण लागली नव्हती.

“सांगू का यांला?” मी विचारलं.

“काय सांगताव? काहीच झालं न्हाई म्हणून?” तो म्हणाला. बस आली. तो चढला, खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

“कोण होते वो ते?” नळावरच्या एका बाईने विचारलं. तिच्या कडेवरचं पोर तिच्या ओंजळीतून पाणी पीत होतं.

“भर तू,” मी म्हटलं. “मागं रांग हाय.”