लाल नाकाची उलटतपासणी

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारूचा थेंबही न घेता, मी धारवाडात दारुडा ठरलो.

कारण माझं नाक! नाक आणि दोन्ही गाल इतके लालबुंद, की मी वर्गात शिरलो की पोरं आपोआप गप्प बसायची. (मास्तर चिडलेत असं त्यांना वाटायचं. तेवढाच फायदा!) हुबळीच्या डॉक्टरांनी त्याला रोझेशिया म्हणतात असं सांगितलं, गोळ्या आणि मलम दिलं आणि म्हणाले, "दोन-तीन महिने धीर धरा. हा पूर्ण बरा होत नाही मास्तर, ताब्यात राहतो. ऊन, तिखट, कढत चहा टाळायचं. आणि मलम पातळ लावा!"

"पण डॉक्टर, रविवारी मुलगी बघायला जायचंय!"

"मग मुलीलाही हेच सांगा की."

असं कुणी सांगतं का? मी महिन्याभराचं मलम चार दिवसांत थापून संपवलं! रविवारी गालांची सालं निघायला लागली. माझी थोरली बहीण, अक्का, घाबरली आणि तिनं वरून पावडरचा डबा रिकामा केला. हुबळीतल्या केशवापुरातून भर उन्हात निघालो. धारवाडला सुभाष रोडवर उतरेपर्यंत घामानं पावडरचा चिखल झाला होता.

मुलीचे वडील वकील. मुलगी, नलिनी, पोहे घेऊन आली, एकदाच बघून हसली, आणि मी खलास! लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी पोह्यांच्या पहिल्या घासाला ठरवलं.

मग आली गरमागरम मिरची भजी आणि वाफाळता चहा. आमच्या भागात मिरची भजी नको म्हणणारा मुलगा म्हणजे पोटाचा रोगी, स्थळ तिथंच मोडलं! मी डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागितली आणि पाच भजी खाल्ली. वर दोन कप चहा!

आधी नाक पेटलं. मग गाल, मग कपाळ! पावडर ओघळून शर्टावर आली.

"एनरी मास्तर, काय हो," वकीलसाहेब चष्मा सावरत म्हणाले, "ही सवय कधीपासून?"

"कसली सवय?"

"ग्लासाची."

"मी पीत नाही हो!"

"दुपारीसुद्धा नाही?"

अक्का मदतीला धावली. "अय्यो, घरातून निघताना अगदी शुद्धीवर होता की तो!"

संपलं! पसंती झाली की फिरवायचं पानाचं तबक वकीलसाहेबांनी आत पाठवलं. लाज गुंडाळून मी उभा राहिलो, रोझेशियापासून मलमापर्यंत सगळं सांगून टाकलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. ती घेतली नलिनीनं.

"तिखट वर्ज्य असं लिहिलंय इथं. मग पाच भजी कशाला खाल्लीत?"

"तुम्ही नाही म्हणू नये म्हणून."

ती पदरात तोंड लपवून हसली. "अप्पा, मला पसंत आहेत."

"अगं, पण हे बरे होणार का?"

"पूर्ण नाही व्हायचे," चिठ्ठीची घडी घालत ती म्हणाली, "पण ताब्यात राहतील."

तबक बाहेर आलं!

लग्न झालं, तेव्हापासून चहा कोमट, भजी सणासुदीला एक, आणि मलमाची ट्यूब तिच्या कपाटात. लाली बरीच उतरली. तरी नाक अजून अधूनमधून उसळतं. तिच्यापुढे उसळायची माझी मात्र कधी हिंमत झाली नाही!