झोके शांत करणारी बाई

रिछाईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या शेअर ऑटोत रोज सकाळी एक बाई भेटायच्या. वीज नियंत्रण कक्षातली रात्रपाळी करून त्या घरी परतायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. बसल्या की चष्मा काढून त्या पदराने डोळे दाबत.

एकदा मी विचारलं, “दीदी, आज काहून इतक्या थकल्या?”

“लाईनवर वीज कमी-जास्त होत हळूहळू झोके घेऊन राहिली होती, भैया. झोके वाढले असते तर अर्धा प्रदेश अंधारात गेला असता. मी एका केंद्रातली वीजनिर्मिती कमी करायला लावली, तेव्हा शांत झाले.”

“मग चांगलंच झालं.”

“साहेब विचारून राहिले, काहीच बिघडलं नाही तर निर्मिती कमी केली काहून?”

“तुम्ही काय म्हणाल्या?”

“पुन्हा झोके दिसले तर पुन्हा कमी करीन म्हटलं.”

दांडा धरून त्या सावकाश उतरल्या.

काही दिवसांनी त्या दिसेनाशा झाल्या. ऑटोवाला म्हणाला, “दीदी का तो ट्रांसफर हो गया.”

रात्री घरी आजारी बाबांचं विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. त्या आवाजाने एरवी मला झोप लागत नाही. त्या दिवशी मी यंत्राजवळच अंथरूण टाकलं.