चक्कर, कारण अज्ञात

बुधवारी सकाळी सव्वानऊला भीमराज रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपरवर आजारांचे आकडे टाकत बसला होता. साल १९८१. चिंचवडजवळच्या या कामगार रुग्णालयात प्रत्येक आजाराला आकडा देणारं नवं जाड पुस्तक येऊन दोनेक वर्षं झाली होती. ते वाचायला त्याला हेडक्लार्क सोपानरावांनी शिकवलं होतं.

"मूळ आजार आधी, त्यातून निघालेलं दुखणं मागून," सोपानराव सांगायचे. "साखरेनं नसा गेल्या तर आधी साखर, मग नसा. नसांचा आकडा एकटा पाठवायचा नाही."

खिडकीत कोंडीराम आला. भोसरीच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करणारा, भीमराजचा चाळीतला शेजारी. त्याने दाखला आत सरकवला.

"भीमराज, हे काय लिवलंस रं?"

दाखल्यावर एकच आकडा होता. पुढे शब्द होते : चक्कर, कारण अज्ञात.

महिन्यापूर्वी कोंडीराम भट्टीपुढे उठता उठता कोसळला. आठवड्याने पुन्हा तेच. फोरमन म्हणाला, पिऊन येतो. कोंडीरामने दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला आडवं करून, मग उभं करून रक्तदाब मोजला आणि केसपेपरवर लिहिलं, की मधुमेहाने शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या नसा निकामी होत आहेत, म्हणून उभं राहताच दाब उतरतो. कारखान्यात चौकशी लागली होती. दाखल्यात आजार आला तर बैठं काम मिळणार होतं. नाही आला तर दारूचा ठपका आणि नोकरीतून काढणं.

भीमराजने दाखल्यावर दोन्ही आकडे टाकले होते, आधी मधुमेहाचा, मग नसांचा, आणि तो सहीसाठी सोपानरावांच्या टेबलावर ठेवला होता. शिवाय दुपारी डबा खाताना त्यांना सगळी हकीकतही सांगितली होती : माणूस कोण, कारखाना कुठला, चौकशी कशावर अडली आहे. वडीलधाऱ्याच्या कानावर असावं म्हणून.

"कोंडीरामभाऊ, मी साखर लिहिली होती."

"मंग ही चक्कर काय भुतानं लिवली?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पाव्हणं, साखर न्यायला रेशनच्या दुकानात जावा! लाइन सोडा!"

लाइन हसली. कोंडीराम हसला नाही.

भीमराज दाखला घेऊन सोपानरावांपुढे उभा राहिला.

"त्याला चक्कर आली की नाही?" सोपानरावांनी चष्मा पुसत विचारलं.

"आली."

"मग चक्कर लिहिली. खोटं काय त्यात?"

"मूळ आजार आधी, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. माझा जावई त्याच कारखान्यात टेम्पररी आहे, भीमराज. पुढच्या महिन्यात पर्मनंट करतायत."

"हा दाखला आपल्याकडं आहे, हे कारखान्यावाल्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. तू डब्यावर सांगितलंस त्याच संध्याकाळी." आवाज जराही खाली आला नाही. "उभा का? बस, चहा मागवलाय."

भीमराज बसला नाही. कोंडीराम बाहेरच्या बाकावर टेकला होता. भीमराजने जाऊन त्याला सगळं सांगितलं, जावयासकट. डब्यावरचं बोलणंही सांगितलं.

"म्हंजी माजं घरचं तूच त्याला सांगितलंस," कोंडीराम म्हणाला. "तू म्हनलास, काळजी करू नगं, म्हनून मी डॉक्टरला परत भेटलो बी न्हाई. एका डब्यात जेवनारी मानसं तुमी. तुमचं तुमाला लखलाभ."

तो भिंत धरून उठला आणि डोळे मिटून तसाच थांबला. भीमराजने दंडाला हात लावला. तो हात त्याने झिडकारला आणि भिंतीच्या कडेकडेने फाटकाकडे गेला.

भीमराजने कोरा दाखला घेतला आणि दोन्ही आकडे क्रमाने पुन्हा लिहिले. सहीची जागा मोकळी राहिली. तिथे हेडक्लार्कची सही चालते, नाहीतर डॉक्टरांची. कारखान्यातली चौकशी उद्या दहा वाजता आहे. डॉक्टर मंगळवारी आणि शनिवारी येतात. उद्या गुरुवार.