हात डोक्यावर घ्या

"उजवा हात डोक्यावर घ्या," मी म्हणाले आणि मावशींनी तो सहज उचलून उशीवर टाकला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या असतील. पोट दुखतं म्हणून आलेल्या. पण खांदा कसा, तेल घातलेल्या बिजागरीसारखा!

मला रागच आला. खरं सांगायचं तर जळले मी.

सोनोग्राफीच्या या अंधाऱ्या खोलीत दिवसभर मी हेच वाक्य म्हणते, आणि माझा स्वतःचा हात कानाच्या वर जात नाही. पेशंटच्या अंगावरून हात लांबवून प्रोब दाबायचा, मान स्क्रीनकडे वळवायची, असं तिरकं बसण्यात वर्षं गेली. सकाळी माझी वेणी नवरा घालतो, तीही ढिलीच. लोकांचं यकृत कितीही ठणठणीत निघो, मला काही वाटत नाही. हेवा वाटतो तो वर गेलेल्या कोपराचा. मावशी तर गच्चीवर चांदणं बघत पडल्यासारख्या निवांत होत्या.

"श्वास घ्या. रोखून धरा."

प्रोब बरगडीखाली दाबला आणि खांद्यातली कळ मानेपर्यंत गेली. तरी माझी नजर त्या हातावरच.

"मॅडम," घुसमटलेला आवाज आला, "सोडू का आता?"

सांगायचंच विसरले होते मी. "सोडा, सोडा!"

तपासणी संपली. मावशी उठून बसल्या, दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी झटक्यात अंबाडा घातला, आणि माझ्याकडे बघून मायेने म्हणाल्या, "मॅडम, तुमची वेणी सुटलीय बघा. बांधून घ्या."